मध्यवस्तीतल्या रस्त्या-चौकांचे नियम बदलतायत? हरकत-सूचना अशी द्या

महापालिका सार्वजनिक जागांचे नियम बदलते तेव्हा दवंडी पिटत नाही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या गर्दीत, बारीक टायपात एक ‘जाहीर प्रकटन’ येतं. अमुक धोरणाचा मसुदा तयार आहे, तो अमुक खात्यात आणि संकेतस्थळावर पाहायला मिळेल, हरकती व सूचना अमुक तारखेपर्यंत लेखी द्याव्यात. खाली सही, पदनाम, जावक क्रमांक. बहुतेकांना नव्या नियमांची खबर लागते ती अतिक्रमण विभागाची गाडी समोर उभी राहिल्यावर, नाहीतर रोजच्या कट्ट्याभोवती रेलिंग लागल्यावर. तोवर मुदत उलटून गेलेली असते.

ज्यांनी आजवर एकही हरकत दिलेली नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. दुकानदार असा, पथारीवाले असा, पेठेत राहणारे असा किंवा रोज तिथून चालत बसस्टॉप गाठणारे असा, पद्धत तीच. मध्यवस्तीतल्या जागेबद्दल मला पोटतिडकीने वाटतं, कारण दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला चौकातला पार हीच बैठकीची खोली असते. ती जागा कोणाला, किती वाजेपर्यंत आणि कशासाठी मिळणार, हे कागदावर ठरतं. त्या कागदावर तुमचं म्हणणं नोंदवायला एकच खिडकी उघडते आणि ती थोडेच दिवस उघडी असते.

1. आधी लेखणी कोणाच्या हातात आहे ते ओळखा

सगळे नियम ‘महापालिकेचे’ आहेत असं आपण धरून चालतो, आणि पत्र भलत्याच टेबलावर जातं. प्रकटनात पहिल्या दोन-तीन ओळींत कायद्याचं नाव आणि कलम असतं. तिथेच उत्तर असतं.

रस्ता एकेरी करणं, सम-विषम तारखांचं पार्किंग, अमुक वेळेत जड वाहनांना बंदी हे आदेश वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त काढतात. आधार असतो मोटार वाहन अधिनियम, 1988 मधल्या कलम 115 ते 117 चा. हे आदेश सहसा ‘तात्पुरते’ म्हणून निघतात, सूचना द्यायला थोडे दिवस दिले जातात आणि मग अंतिम आदेश येतो. कलम 115 खालचं बंधन एका महिन्यापेक्षा जास्त चालवायचं असेल तर ते राजपत्रात प्रसिद्ध करावं लागतं, हे लक्षात ठेवा. ‘तात्पुरतं’ म्हणून सहा महिने चाललेल्या बंदीला पहिला प्रश्न हाच विचारायचा.

जमावबंदीचे आदेश पोलीस आयुक्तांचे असतात, महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय ते पंधरा दिवसांपलीकडे टिकत नाहीत.

मैदानाचं आरक्षण बदलणं, बागेच्या जागी वाहनतळ दाखवणं हा विकास आराखड्यातला फेरबदल. तिथे 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम लागतो. त्याच्या कलम 37 खाली नोटीस निघाली की हरकतीसाठी एक महिना मिळतो, सुनावणी होते आणि शेवटचा शब्द राज्य सरकारचा असतो.

पदपथ, चौक, कट्टे, मंडप, जाहिरात फलक, पे अँड पार्क हे विषय महापालिकेच्या धोरणांत आणि उपविधींत (कायद्याच्या आधाराने महापालिका करते ते नियम) येतात. मुंबईला 1888 चा स्वतंत्र कायदा आहे, इतर महापालिकांना 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. धोरण आणि उपविधी यांत फरक आहे. धोरण मुख्य सभेच्या, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेच्या ठरावाने होतं, उपविधीला राज्य सरकारची मंजुरी लागते. दंड आकारायचा असेल तर नुसतं धोरण पुरत नाही, पाठीशी कायदा किंवा उपविधी हवा. मसुद्यात दंडाची रक्कम दिसली आणि कलम कुठेच दिसलं नाही, तर तुमची पहिली हरकत तयार झाली.

आणि विषय पथविक्रीचा असेल तर 2014 चा केंद्रीय कायदा सगळ्यांच्या वर चढतो. त्यावर पुढे सविस्तर लिहितो, कारण मध्यवस्तीतली निम्मी भांडणं तिथेच आहेत.

2. मसुद्याची पूर्ण प्रत मिळवा

बातमी वाचून हरकत लिहू नका. व्हॉट्सॲपवर फिरणारा सारांश वाचून तर नकोच. मसुदा, सोबतचे नकाशे आणि ज्या ठरावाने तो मांडला गेला तो ठराव, असे तीन कागद हवेत. संकेतस्थळावर नकाशे बहुधा धूसर असतात. खात्यात जाऊन मूळ नकाशा बघा.

राज्य सरकारच्या 2018 च्या परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. परिपत्रकाचा उल्लेख केलात की टाळाटाळ कमी होते. प्रत फक्त इंग्रजीत असेल तर मराठी मागा. स्थानिक प्राधिकरणांचा कारभार मराठीतून व्हावा यासाठी 2022 मध्ये स्वतंत्र कायदा झालेला आहे. मराठी प्रत उशिरा मिळाली तर हरकतीची मुदत त्या तारखेपासून धरावी, असं लेखी कळवा.

3. वाचताना काय शोधायचं

पहिल्यांदा व्याख्यांचं पान. ‘अडथळा’, ‘उपद्रव’, ‘अनधिकृत वापर’, ‘मध्यवर्ती क्षेत्र’ हे शब्द कसे बांधलेत ते बघा. ‘अडथळा’ म्हणजे किती रुंदी अडली तर अडथळा, हे लिहिलेलं नसेल तर उद्या तो कोपऱ्यात बसलेल्या आजीलाही लागेल आणि पदपथावर चढलेल्या चारचाकीला लागणार नाही.

मग अधिकार. ‘आयुक्तांना योग्य वाटेल त्याप्रमाणे’ हे शब्द जिथे जिथे येतात तिथे पेन्सिलने खूण करा. आयुक्तांना अधिकार असूच नयेत असं माझं म्हणणं नाही. पण तो वापरताना कारण लेखी द्यावं, मुदत लिहावी आणि अपील कुठे करायचं ते सांगावं, इतकं मागणं रास्त आहे.

सवलतींचं कलम शेवटी, एका ओळीत असतं, आणि खरी मेख तिथे असते. सण-उत्सव, राजकीय सभा, शासकीय कार्यक्रम, ‘प्रायोजित उपक्रम’ यांना किती दिवस, किती भाड्यात सूट आहे? पेठेतल्या रहिवाशाला लग्नाच्या मांडवासाठी जो कागद लागतो तोच प्रायोजकाच्या स्टॉललाही लागतो का? ध्वनीच्या बाबतीत तर केंद्राचे 2000 चे नियम आहेतच: रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद, वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. महापालिकेच्या मसुद्यात यापेक्षा सैल काही असेल तर ते टिकणार नाही, आणि हे हरकतीत लिहून ठेवायला हवं.

देखभालीसाठी खासगी संस्थेला जागा ‘दत्तक’ देण्याचं कलम असेल तर दुप्पट सावध व्हा. मुंबई महापालिकेने जानेवारी 2016 मध्ये मोकळ्या जागा अशा प्रकारे देण्याचं धोरण मंजूर केलं, नागरिकांनी जोरदार विरोध केला आणि मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. 2023 मध्ये पुन्हा नवा मसुदा आला, पुन्हा विरोध झाला. प्रश्न दोन्ही वेळी तेच: फाटक किती वाजता उघडणार, प्रवेश फुकट राहणार का, आत बांधकाम किती होणार. दत्तकाचा कुठलाही मसुदा हातात आला की या तीन प्रश्नांची उत्तरं शोधा. सापडली नाहीत तर त्या तीन प्रश्नांचीच हरकत करा.

4. पथविक्रीचं कलम वेगळं काढून वाचा

पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम 1 मे 2014 पासून लागू आहे. हा कायदा पथारीवाल्यांना तर माहीत हवाच, पण दुकानदारांना आणि रहिवाशांनाही हवा. मध्यवस्तीचा कुठलाही नियम याच्याविरुद्ध जाणारा असेल तर तो न्यायालयात अडकतो, आणि रस्ता वर्षानुवर्षं आहे तसाच राहतो.

दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण व्हायला हवं. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणाही विक्रेत्याला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीच्या अध्यक्षस्थानी आयुक्त असतात, पण किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असायला लागतात आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया. प्रभागाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना जागा देण्याची तरतूद आहे. स्थलांतर करायचं तर तीस दिवसांची नोटीस लागते. माल उचलला तर यादी करून द्यावी लागते. मागणी केल्यावर आणि शुल्क भरल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत द्यावा लागतो. मिरच्या-कोथिंबीर तिसऱ्या दिवशी परत मिळाली तर तिचं करायचं काय?

सगळ्यात उपयोगाचा भाग कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मसुद्यात ‘ना-फेरीवाला क्षेत्र’, म्हणजे पथविक्रीला पूर्ण बंदी असलेली जागा, घोषित केलेलं असेल तर अनुसूचीची प्रत शेजारी ठेवून ताडून बघा. पूर्वापार चालत आलेला बाजार ना-फेरीवाला क्षेत्र म्हणून घोषित करता येत नाही. नुसती गर्दी हे कारण चालत नाही. अस्वच्छता हे कारणही तेव्हाच चालतं, जेव्हा ती फक्त विक्रेत्यांमुळेच होते आणि महापालिकेच्या उपाययोजनांनी दूर होण्यासारखी नसते. आणि सर्वेक्षणाआधी असं क्षेत्र घोषितच करता येत नाही. पुण्यात तुळशीबाग आणि मंडईचा परिसर, मुंबईत दादर स्थानकाबाहेरचा बाजार, अशा ठिकाणांबद्दल बोलताना हे मुद्दे शब्दशः लिहा.

रहिवासी म्हणून तुमची तक्रार खरी असू शकते. चालायला जागा नाही, जिन्याखाली मालाच्या टोपल्या ठेवतात, रात्री कचरा तसाच पडून राहतो. हे सगळं लिहा, जरूर लिहा. फक्त ‘सगळ्यांना हटवा’ असं लिहिलंत तर कायद्यासमोर तुमचं पत्र बाजूला पडेल. ‘विक्रीचे चौकोन आखून द्या, जिन्यासमोरची जागा मोकळी सोडा, रात्री कचरा उचलायची वेळ नियमात लिहा’ असं मागितलंत तर अंमलात येऊ शकेल असं काहीतरी हाती लागेल.

5. टेप घेऊन जागेवर जा

हरकतींच्या ढिगाऱ्यात ‘खूप त्रास होतो’ अशी पत्रं शेकड्यांनी असतात. मोजमाप जोडलेली पत्रं विरळा. अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं ते अशाच पत्राला.

दोघंजण जा. एक टेप धरेल, दुसरा लिहील. चौकापासून चौकापर्यंतचा एकच तुकडा घ्या, पूर्ण रस्ता नको. सगळ्यात अरुंद जागा शोधा. दुकानाच्या कडेपासून पदपथाच्या दगडापर्यंतची एकूण रुंदी लिहा, आणि मग त्या रुंदीतून कोणी किती घेतलंय ते एकेक करून: दुकानाची वाढवलेली पायरी, बाहेर मांडलेले कपड्यांचे पुतळे, विजेचा फीडर पिलर, झाडाचं आळं, पाटीचा खांब, उभी दुचाकी, पथारी. उरलेली मोकळी रुंदी शेवटी. भारतीय रस्ते महासभेच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक तत्त्वांत चालण्याचा पट्टा किमान 1.8 मीटर सलग मोकळा असावा असं म्हटलंय. व्हीलचेअर आणि बाबागाडी समोरासमोर आली तरी जाऊ शकतील इतकी ती जागा. पदपथाची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, हेही त्यातच आहे. तुमच्या तुकड्यात काय आहे ते समोर मांडा. पुष्कळदा दिसतं असं की ज्याच्यावर सगळा रोष असतो त्याने सर्वांत कमी जागा व्यापलेली असते.

मग माणसं मोजा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी सातच्या सुमारास, आणि एकदा रविवारी. प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं पुरतात. चालणारे, बसलेले, थांबून बोलणारे आणि वाहनं अशा चार रकान्यांत रेघा मारत जा. बसलेल्यांत म्हातारी माणसं, बायका, मुलं किती ते वेगळं लिहिलंत तर उत्तम. मध्यवस्तीत बाई माणसाला पैसे खर्च न करता बसता येईल अशा जागा किती थोड्या आहेत, ते या रकान्यात उघडं पडतं.

रस्ता वाहनमुक्त करण्याचा प्रस्ताव असेल तर प्रयोगाच्या दिवशी मोजणी कराच. पुणे महापालिकेने 11 डिसेंबर 2021 रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला, नंतरच्या वर्षांतही तो केला. असा दिवस आणि साधा शनिवार यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की ‘धंदा बुडतो’ आणि ‘धंदा वाढतो’ या दोन्ही आरोळ्यांपेक्षा जास्त काहीतरी कळतं. दुकानदारांनी त्या दिवसाच्या बिलांची संख्या दिली, रक्कम न सांगता, तर फारच मोलाचं.

6. पत्र असं लिहा

एका कलमाला एक परिच्छेद. आधी कलम क्रमांक, मग काय बदलायचं, मग कारण, मग तुमची शब्दरचना. भावना शेवटी, दोन ओळींत.

समजा मसुद्यात असं आहे: ‘कलम 7. मध्यवर्ती क्षेत्रातील पदपथ व चौकांत बसणे, रेंगाळणे अथवा वस्तू ठेवणे यास मनाई राहील.’ तर हरकत अशी:

‘मसुदा कलम 7 वर हरकत. यातील “बसणे, रेंगाळणे” हे शब्द वगळावेत. कारण: या तुकड्यात बसची वाट पाहणारे, खरेदीनंतर टेकणारे ज्येष्ठ नागरिक व कामगार नाक्यावरील मजूर दररोज बसतात (मोजणी तक्ता, जोडपत्र 1). बसणाऱ्यांमुळे चालण्याची वाट अडते असे मोजमापात आढळत नाही (जोडपत्र 2). सुधारित शब्दरचना सुचवतो: “पदपथावरील किमान 1.8 मीटर रुंदीचा चालण्याचा पट्टा सदैव मोकळा ठेवण्यात येईल. या पट्ट्याबाहेर बसण्यास मनाई असणार नाही. पट्ट्यात वाहन उभे करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल.” या हरकतीवर मला समक्ष सुनावणी मिळावी.’

शेवटचं वाक्य विसरू नका. सुनावणी मागितली नाही तर ‘अर्जदारास म्हणणे मांडायचे नाही’ असा शेरा पडू शकतो.

पन्नास जणांच्या सह्यांचं एक पत्र देण्यापेक्षा पन्नास जणांनी आपापल्या शब्दांत पत्रं दिलेली बरी. एकगठ्ठा निवेदन बऱ्याचदा एकच हरकत म्हणून मोजलं जातं. संख्येलाही वजन असतं. मुंबईचा विकास आराखडा फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातल्या चुकांवर हजारोंनी हरकती आल्या, एप्रिलमध्ये तो नव्याने करायचा आदेश निघाला आणि सुधारित मसुदा 2016 मध्ये आला.

7. पोच घ्या

दोन प्रती न्या, आवक-जावक कक्षात एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ईमेलही करा, पण फक्त ईमेलवर विसंबू नका. शेवटच्या दिवशी रांग असते आणि साहेब नसतात. चार दिवस आधी जा.

8. सुनावणीत

वेळ फार कमी मिळतो, कधी कधी दोन-तीन मिनिटं. पत्र वाचून दाखवू नका, ते त्यांच्यासमोर आहे. आवक क्रमांक सांगा, कलम सांगा, नकाशावर बोट ठेवून जागा दाखवा आणि तुमची शब्दरचना वाचा. पथारीवाल्या मावशी स्वतः बोलू शकत असतील तर त्यांनाच बोलू द्या. त्यांच्या वतीने कोणी सुशिक्षित माणूस बोलला की अधिकारी त्याच्याशीच वाद घालत बसतात. निघण्याआधी हजेरीपत्रकावर नाव आणि मुद्दा नोंदला गेलाय ना, ते डोळ्यांनी बघा.

महापालिकेवर प्रशासक असेल, जसे मुंबई-पुण्यात मार्च 2022 पासून होते, तर मुख्य सभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार एकाच माणसाकडे असतात. सभागृहात प्रश्न विचारायला नगरसेवक नसतो. अशा काळात सुनावणीतली नोंद हाच जवळपास एकमेव पुरावा उरतो. नगरसेवक असतील तर सुनावणीनंतर लगेच भेटा. विषय मुख्य सभेच्या विषयपत्रिकेवर आला की उपसूचना, म्हणजे प्रस्तावात दुरुस्ती, त्यांनाच देता येते, आणि सभेत दोन ओळींच्या उपसूचनेने अख्खं धोरण बदलतं. पुण्याचं पार्किंग धोरण मार्च 2018 मध्ये मुख्य सभेत मंजूर झालं ते विरोधानंतर मोजक्या रस्त्यांपुरतं प्रायोगिक होऊन. प्रत्यक्ष अंमलबजावणी पुढे वर्षानुवर्षं रखडली.

9. त्यानंतर पाठ सोडू नका

दीड-दोन महिन्यांनी माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा, शुल्क 10 रुपये. मागणी नेमकी असावी: ‘अमुक मसुद्यावर आलेल्या हरकतींची संख्या, प्रत्येक हरकतीवरील निर्णय व कारण दर्शवणारा तक्ता, आणि सुनावणीच्या इतिवृत्ताची प्रत.’ तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, शुल्क 20 रुपये. हा तक्ता मिळाला की कळतं, तुमचं म्हणणं कोणत्या कारणाने फेटाळलं. कारणच दिलेलं नसेल तर राज्य सरकारकडे मंजुरीसाठी गेलेल्या प्रस्तावावर नगरविकास विभागाला तेवढंच कळवा. ‘हरकत नोंदली, सुनावणी झाली, कारण दिले नाही’ या एका वाक्यावर प्रस्ताव परत येऊ शकतो.

अंतिम नियम प्रसिद्ध झाले की तुमच्याकडची मसुद्याची प्रत काढा आणि ओळीला ओळ ताडून बघा. मसुद्यात नसलेलं एखादं कलम अंतिम प्रतीत घुसलेलं दिसलं तर त्यावर कोणाचीच सुनावणी झालेली नसते. ते कलम कुठून आलं, हे आयुक्तांना त्याच आठवड्यात लेखी विचारा आणि त्या पत्राचीही पोच घ्या.